शनिवार तेली

आमच्या भागात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो "कोण गाव?" आणि दुसरा "कुणाचं?" नाव तिसऱ्या नंबरला. ते सांगितलं काय अन् नाही काय, फारसं बिघडत नाही. पहिल्या दोन उत्तरांत माणसाचा निम्मा सातबारा समोरच्याला कळलेला असतो. उरलेला निम्मा कळायला आडनाव लागतं. माझं आडनाव आठ-दहा जातींत सापडतं, त्यामुळं विचारणाऱ्याची पंचाईत होते. मग तो घुटमळतो, चंची सोडतो, तंबाखू मळता मळता आडवळणानं विचारतो, "मग तुमचं पाव्हणं कुठं कुठं म्हणायचं?" दोन-तीन सोयऱ्यांची गावं सांगितली की त्याच्या डोक्यात दिवा लागतो. "आस्सं व्हय! म्हंजी तुमी तेली." मी म्हणतो, "हां, तेली." पुढं बोलणं चालू राहतं, पण आवाज जरा बदललेला असतो. वाईट नव्हे, नुसता बदललेला. माझ्या वयाच्या माणसाला तो बदल कानानं ओळखता येतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीच्या अंगाला. नदी म्हणायची, पण वर्षातनं आठ महिने वाळूच. गावात आमचं एकच घर तेल्याचं. आज्ज्याचा घाणा घराच्या पडवीला लागूनच होता. चिंचेच्या बुंध्याचं उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला बांधलेली आडवी फळी आणि फळीला जुंपलेला बैल. फळीवर वजन म्हणून दगड ठेवलेला असे, आणि दगडाच्या जोडीला मी. शाळेत जायच्या आधी माझं तेच काम. बैलाच्या डोळ्यांवर ढापणं बांधलेली, म्हणजे त्याला चक्कर येत नाही; आपण गोल फिरतोय हे त्याला कळतच नाही. मला मात्र कळायचं. करडईचा एक घाणा निघायला दीड-दोन तास लागत. लाटेचा 'कुर्रर्र' आवाज, पेंडेचा वास आणि खालच्या भांड्यात पडणारी तेलाची धार. अजून कुठं करडईचं तेल तापलं की मी त्या फळीवर जाऊन बसतो.

सोमवारी घाणा बंद. तो महादेवाचा वार, बैलाला सुट्टी. शनिवारी मारुतीला तेल आमच्या घरचं. लग्नात नवरा-नवरीला हळदीबरोबर लावायचं तेल आमच्या घरचं. बाळंतिणीच्या अंगाला, गाडीच्या आखाला, दिव्याला, सगळीकडं आमचंच तेल. 'तेलिणीशी रुसला अन् अंधारात बसला' ही म्हण काही उगीच पडली नाही. आणि याच गावात सकाळी कामाला निघताना तेली आडवा आला की अपशकुन! कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूस समोरून आज्जा बुधली घेऊन येताना दिसला की माघारी वळायचा, ओट्यावर टेकायचा, घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचा. आज्ज्याला कुणाची तारीख कधी आहे हे पाठ असे. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आतच थांबायचा. सांगोल्याची गाडी गेल्याचा आवाज आला की मग बाहेर पडायचा. मी एकदा विचारलं, "आज्जा, आपलं तोंड बघितलं की काय हुतं?" आज्जा म्हणाला, "आपल्याला काय हुईत न्हाई, बाळा. त्येंचं त्येंनाच काय तरी हुतं."

संताजी जगनाडे महाराजांची तसबीर आमच्या देव्हाऱ्याशेजारी असे. चाकणचे संताजी तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले एक. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. वडील त्या तसबिरीकडं बोट करून म्हणायचे, "आपल्या हातचं तेल नसतं, तर त्या रातीच्या लिहिण्याला दिवा कुठला?" हे एवढंच उत्तर आमच्या घराकडं होतं, आणि ते आम्ही घरातल्या घरातच द्यायचो.

पुढं तालुक्याला विजेवरच्या तेलगिरण्या आल्या, दुकानात डब्यातलं तेल आलं आणि १९७७ च्या आसपास आमचा घाणा थांबला. बैल विकला. वडिलांनी चार एकर माळ घेतला होता. रोजगार हमीतनं फळबाग लावायची योजना आली, त्यात डाळिंब लावलं. पाणी कमी, म्हणून ठिबक. माळावर भगव्या डाळिंबानं चार पैसे दाखवले. घाणा गेला, आता आपण शेतकरी, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात डाळिंबावर रोग आला. पानांवर, फळांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं आणि बाग जाते. त्या रोगाला सगळ्या मुलखानं नाव काय दिलं, तर 'तेल्या'. दुसरं नाव सुचलं नाही कुणाला! पारावर बसून एक जण म्हणाला, "तेल्याच्या बागेत तेल्या न्हाई यायचा तर कुणाच्या?" सगळे हसले. मीही हसलो. गावात राहायचं म्हणजे काही ठिकाणी हसावं लागतं.

एवढं सगळं आधी सांगायचं कारण, २०१२ साली मी इस्रायलला गेलो तेव्हा हे सगळं माझ्या बॅगेत होतं. शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा होता. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा आपला. पाच जिल्ह्यांतले आम्ही बावीस जण. कुणी द्राक्षवाले, कुणी डाळिंबवाले, दोघं केळीवाले. मी मुंबई त्याआधी दोनदाच बघितलेली, आणि विमान आभाळातच.

मुंबईच्या विमानतळावर रांगेत माझ्यापुढं नाशिककडचे एक बागायतदार उभे होते. गोरेपान, उंच, अंगावर सफारी. त्यांना सगळे 'दादा' म्हणत, मीही दादाच म्हणतो. त्यांनी वळून विचारलं, "पाहुणं, आडनाव कोणतं म्हणालात?" सांगितलं. "म्हणजे आमच्यातलेच की!" ते खुलले. मी म्हणालो, "नाही दादा, आम्ही तेली." "असं होय? बरं बरं." आवाज बदलला. विमानतळ असला म्हणून काय झालं!

तेवढ्यात तपासणीवाली मुलगी आली. विशीतली असेल. तिनं प्रत्येकाला बाजूला घेऊन प्रश्न विचारले, आमचा वाटाड्या मराठीत सांगत होता. बॅग कुणी भरली? कुणी काही पोचवायला दिलंय का? माझ्या बॅगेत शेंगाचटणी, ठेचा आणि कडक भाकरी. चटणीचा डबा उघडून तिनं वास घेतला आणि तिला शिंका आल्या. मग तिनं विचारलं, "तुम्ही बावीस जण एकमेकांना कसे ओळखता?" हा प्रश्न मोठा अवघड होता. आम्ही ओळखतच नव्हतो. दादा पुढं होऊन म्हणाले, "सांगा तिला, आम्ही सगळे शेतकरी. एकच जात." वाटाड्यानं 'शेतकरी' एवढंच सांगितलं. तिला ते पटलं.

तेल अवीवला पहिल्या रात्री हॉटेलात दोघांना मिळून एक खोली. यादीत दादांचं आणि माझं नाव एकत्र होतं. दादा वाटाड्याला म्हणाले, "माझी खोली बदलून द्या, मला घोरणाऱ्याजवळ झोप लागत नाही." मी अजून झोपलोसुद्धा नव्हतो. मला जळगावचे एक केळीवाले मिळाले. ते मात्र खरंच घोरत होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला तिथल्या कार्मेल बाजारात सोडलं. आपल्या आठवड्याच्या बाजारासारखाच बाजार. आरडाओरडा, फळांचे ढीग, मसाल्यांची पोती, जैतुनाची पिंपं. डाळिंबाचा रस काढून विकणारा एक जण होता. मी त्याचं यंत्र बघत उभा राहिलो. तो माझ्याकडं बघून काहीतरी भराभरा बोलला. मी मान हलवली. त्यानं विचारलं, "तेमानी?" वाटाडा म्हणाला, "त्याला वाटतंय तुम्ही येमेनी. येमेनमधून आलेले ज्यू इथं बरेच आहेत, सावळे, बारीक अंगाचे." मी म्हणालो, "नाही, इंडिया." "आ, होदू!" तो ओरडला. इस्रायलात आपल्या देशाला होदू म्हणतात. मग त्यानं शेजाऱ्याला बोलावलं. तो म्हातारा आला, माझा हात धरून "राज कपूर, राज कपूर" म्हणत राहिला. मला वाटलं, चला, सांगोल्यात तेली, तेल अवीवमध्ये राज कपूर, काही वाईट नाही. संध्याकाळी वाटाड्यानं सांगितलं की त्यांच्या भाषेत टर्कीच्या मांसालाही होदूच म्हणतात. तेव्हा जरा जमिनीवर आलो.

मला तिथं एक खेळच लागला. रस्त्यानं जाताना कोण आपल्याला काय समजतं ते बघायचं. बसथांब्यावर एका म्हाताऱ्या साहेबाची चाकाची खुर्ची ढकलणारी बाई भेटली. तिनं लांबूनच हसून विचारलं, "मलयाळी?" केरळची होती. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला केरळातनं पुष्कळ माणसं तिथं गेलेली आहेत. मी नाही म्हटल्यावर, "तमिळ?" तेही नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. "महाराष्ट्र," मी सांगितलं. "ओ, बॉम्बे," ती म्हणाली आणि खुर्ची ढकलत गेली. एका किराणा दुकानात बाईनं विचारलं, "कोचिनी?" कोचीहून आलेल्या ज्यूंची नेवातिम नावाची वस्ती तिथं दक्षिणेला आहे, तिला मी त्यांतला वाटलो. पाच दिवसांत मी येमेनी झालो, मलयाळी झालो, कोचीचा ज्यू झालो. एकानंही मला तेली म्हटलं नाही. एकदा तर वाटलं, हा मोठा आरामाचा देश आहे. माणूस इथं नुसता माणूस म्हणून फिरतो.

बेरशेबाला हे मत बदललं. बसस्थानकात बावीस जण चाललो होतो. बंदूकवाल्या एका पोरसवदा शिपायानं नेमकं मलाच थांबवलं. पासपोर्ट मागितला. पान पान उलटून बघितलं. बॅग उघडायला लावली. पुन्हा एकदा शेंगाचटणी बाहेर आली. वाटाडा धावत आला, दोघांचं बोलणं झालं, मग शिपाई "होदू, होदू" म्हणत हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सोडलं. मी विचारलं, "काय झालं होतं?" वाटाडा ओशाळून म्हणाला, "काही नाही हो, त्याला तुम्ही बेदुईन वाटलात. इकडचे अरब." पुढं गेलेले दादा थांबले होते. ते म्हणाले, "तोंडच तसं दिसतं तुमचं, उन्हानं काळवंडलेलं." मी काही बोललो नाही. माझ्या मनात निराळंच चाललं होतं. तो पोरगा मला सोडताना हसला, म्हणजे मी तो नाही हे कळल्यावर हसला. जो खरोखरच तो आहे, त्याला रोज थांबवत असतील, आणि त्याला सोडताना कुणी हसत नसेल. आज्ज्याची आठवण आली. तारखेच्या दिवशी उंबऱ्याच्या आत थांबलेला.

गुरुवारी बेरशेबाला बेदुइनांचा बाजार भरतो. वाटाड्याच्या मनात नव्हतं, पण शेतकरी बाजार बघितल्याशिवाय राहतोय व्हय? शेळ्या-मेंढ्या, घोंगड्यासारखी जाडी-भरडी कापडं, पितळेची भांडी. एक म्हातारा बेदुइन शेळ्या घेऊन बसला होता. डोक्याला फडकं, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. आमच्याकडचा धनगरच म्हणा. मी सवयीनं एका शेळीचे दात बघितले. म्हातारा माझ्याशी अरबीत बोलायला लागला. मी म्हणालो, "इंडिया." तो म्हणाला, "हिंदी!" अरबीत भारताच्या माणसाला हिंदी म्हणतात. मग त्यानं विचारलं, "मुस्लिम?" मी मान हलवली. आता याचाही आवाज बदलणार, असं वाटून मी उठायला लागलो. त्यानं माझा हात धरला, तळवा उलथा केला आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग स्वतःचा तळवा दाखवला आणि म्हणाला, "फल्लाह." तेवढा शब्द वाटाड्याला ठाऊक होता. शेतकरी, कुळवाडी. म्हाताऱ्यानं तोंड बघितलं नाही, पासपोर्ट बघितला नाही, आडनाव विचारलं नाही. हाताचा सातबारा वाचला. शेळी मात्र त्यानं फार महाग सांगितली.

हात्झेरिमला ठिबकचा कारखाना बघितला. १९६५ साली त्या वाळवंटातल्या किबुत्झनं ठिबकच्या नळ्या बनवायला सुरुवात केली. त्याबद्दल मी दौऱ्याच्या अहवालात पानं भरून लिहिलंय, इथं पुन्हा लिहीत नाही. तिथंच दुपारी जेवताना सगळ्यांनी तक्रार केली. सहा दिवस पाव, काकडी आणि दही खाऊन माणसं हैराण झाली होती. दादा म्हणाले, "वाळवंटात द्राक्षं पिकवतात, मग एक भाकरी पिकवता येईना का?" वाटाडा म्हणाला, "चला, दिमोनाला नेतो. तिथं आपल्याकडची दुकानं आहेत."

दिमोना हे वाळवंटातलं गाव, १९५५ च्या सुमारास वसवलेलं. सारख्या सारख्या इमारती, मध्ये धूळ. एका दुकानात शिरलो तर समोर मसाले, पापड, पोहे, लोणची! दारात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, अंगात फुलाफुलांचा झगा. आम्ही आपसात बोलत होतो, "पोहे हायत का बघा," "मिरची तिखट हाय का इचारा." म्हातारी एकदम म्हणाली, "अरे, पोहे आहेत, मिरची पन आहे. कुठचे रे तुमी?"

बावीस माणसं गप्प झाली. मी म्हणालो, "सांगोल्याकडचा, आज्जी. सोलापूर जिल्हा." "घाटावरचे होय," आजी म्हणाली. "आमी रोह्याच्या बाजूचे." सहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर जागेवर ठेवलं होतं. घाटावरचे! हिब्रू, इंग्रजी, अरबी, कशातही हा शब्द नसेल.

आजी बेने इस्रायल समाजाची. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. ते लोक सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली. आठवणीत राहिलं ते एवढंच, शनिवार पाळायचा, पोरांची सुंता करायची आणि 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची. बाकी सगळं कोकणाचं घेतलं. भाषा, साडी, मंगळसूत्र, नारळ. त्यांच्यात मराठीत कीर्तनंसुद्धा होत, अब्राहाम आणि मोशेच्या आख्यानांची. अजूनही काही नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आजीनं तो आमच्यापुढं ताटलीत ठेवला. माणसं तुटून पडली.

खाता खाता मी विचारलं, "आज्जी, गावाकडं तुमचा धंदा काय होता?"

"माजे वडील मुंबईला रेलवेत. पन आजोबांचा गावाला घाणा होता."

माझा घास हातातच राहिला. "कसला घाणा?"

"कसला म्हंजे? तेलाचा. बैलाचा घाणा. आमी तेलीच रे. शनवार तेली म्हनायचे आमाला. शनवारी आमचा घाणा बंद असायचा ना, चूलपन नाय पेटायची. म्हनून शनवार तेली."

मी म्हणालो, "आज्जी, आम्ही पण तेली. आमचा सोमवारी बंद."

आजीनं माझ्याकडं नीट बघितलं. मग ती हसायला लागली ती थांबेचना. "म्हंजे तू सोमवार तेली, मी शनवार तेली! अगं बाय! अरे, मग लांब कशाला बसलास? ये इकडे." तिनं मला खुर्चीजवळ बसवून घेतलं आणि दुकानात काम करणाऱ्या नातवाला हिब्रूत काहीतरी सांगितलं. तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. त्याला घाणा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आजीनं हातानं गोल गोल करून दाखवलं. मी शेजारी फळीवर बसल्यासारखं करून दाखवलं. "हां, हां, फळी!" आजी म्हणाली. "मी पन बसायचे. आजी ओरडायची, पोरगी पडंल म्हनून." चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्या फळीची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? ऐकणाऱ्याला त्यात तेलीच दिसला असता. आणि इथं दिमोनाच्या वाळवंटात एक ज्यू म्हातारी मला म्हणत होती की ती पण त्या फळीवर बसायची.

मी विचारलं, "तिकडं लोक कसे वागायचे तुमच्याशी?"

"बरे होते रे. शेजारची मानसं आमच्या सनाला यायची, आमी त्यांच्या. मारलं नाय, हाकललं नाय कोनी. पन तेली ते तेलीच." मग ती जरा थांबली. "इकडे आलो ना, तर मला वाटलं, आता आपल्या मानसांत आलो. इथं कोन विचारनार? मी आले तेवा अठरा वर्षांची. लगन ठरलं. तर इथले धर्मगुरू विचारतात, तुमी यहुदी कशावरून? आईची आई कोन? तिची आई कोन? अरे, रोह्याला कोन लिहून ठेवतो? तिकडे दोन हजार वर्षं शनवार पाळला म्हनून शनवार तेली झालो, आनि इकडे विचारतात शनवार पाळत होता कशावरून!"

हे खरं घडलेलं आहे. १९६२ पासून त्या समाजाच्या लग्नांना अशा चौकशांचा अडसर आला. १९६४ साली ते लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, यांच्यात आणि इतरांत फरक नाही. आजी त्या धरण्याला बसली होती. "रात्री थंडी वाजायची, तर आमी मराठी गानी म्हनायचो," ती म्हणाली. "तिकडे मला यहुदी म्हनायचे, इकडे होदित म्हनतात, होदूवाली म्हनून. पंचास वर्षं झाली. माज्या नातवाला पन शाळेत होदी म्हनायचे. त्याने होदू बघितला पन नाय."

"मग वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"आदी वाटायचं. आता मी विचार करते, मी कोन ते त्यांना नाय ठावूक, मला ठावूक आहे ना." आणि मग लगेच, "ते जाऊ दे. तुमच्याकडे घाण्याचं तेल मिळतं का रे अजून?"

"नाही आज्जी. आमचा घाणा बंद पडला."

"आमचा पन," आजी म्हणाली.

दादा सगळं ऐकत उभे होते. मलिद्याची ताटली त्यांनी दुसऱ्यांदा भरून घेतली होती. निघताना त्यांनी आजीला वाकून नमस्कार केला. बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या लोकांचं लांबवर आहे की हो, तेल्यांचं." मी म्हणालो, "आहे थोडंफार." त्या रात्रीही खोली त्यांची त्यांची आणि माझी माझी. पण बेरशेबाच्या रस्त्यावर त्यांनी मला त्यांच्या द्राक्षाच्या बागेची सगळी गोष्ट सांगितली, त्यांच्या थोरल्या भावानं वाटणीत काय केलं तेही सांगितलं. तेवढं माणूस शेजारच्याला सांगतो, परक्याला नाही.

गावी आल्यावर पारावर सगळ्यांना ठिबकची, वाळवंटातल्या बागांची माहिती सांगितली. दिमोनाची गोष्ट फक्त वडिलांना सांगितली. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. सगळं नीट ऐकून घेतलं. ज्यू म्हणजे कोण, ते त्यांना फारसं उमगलं नाही, पण घाणा म्हटल्यावर सगळं उमगलं. त्यांनी एकच विचारलं, "शनवारी बंद ठेवत्यात म्हंजी मारुतीला तेल कोण घालत असंल?" मी म्हणालो, "त्यांचा मारुती नसतो, आबा." "नसू दे," वडील म्हणाले, "गावाचा असंल की."

मध्यंतरी शहरात लाकडी घाण्याच्या तेलाची टूम निघाली. डॉक्टर लोकच सांगायला लागले की डब्यातलं सोडा, घाण्याचं खा. पुण्यात रस्त्यारस्त्याला पाट्या लागल्या, 'शुद्ध लाकडी घाणा'. बैलाच्या जागी मोटार, बाकी उखळ आणि लाट तीच. तिप्पट भाव देऊन लोक रांगेत उभे राहतात. घाणे टाकणारे सगळ्या जातीचे आहेत, आणि सकाळी सकाळी त्यांचं तोंड बघायला कुणाची ना नाही. २०१८ साली एक दिवस फोन वाजला. दादा! सहा वर्षांनी. द्राक्षाचं दोन वर्षं नुकसान झालेलं, पोराला घरचा धंदा काढून द्यायचा होता. म्हणाले, "पाहुणं, लाकडी घाणा टाकावा म्हणतोय. लाकूड कुठलं घ्यावं, करडईला पाण्याचा हबका किती मारायचा, काही कळेना. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. म्हटलं, आपल्या माणसालाच विचारावं."

मी फोनवर हात ठेवून वडिलांना सांगितलं. ते अंथरुणावरच होते, ब्याऐंशी वर्षांचे. माझ्या मनात काय काय चाललं होतं ते त्यांनी तोंडावरून ओळखलं असावं. "सांग की," ते म्हणाले. "चिंचंचं लाकूड घे म्हणावं, जुनं, वाळल्यालं. पाणी अंदाजानं, मूठ वळली पायजे. इद्या काय कुणाच्या बापाची न्हाई." मी ते सगळं दादांना सांगितलं. दादा लिहून घेत होते. फोन ठेवणार तेवढ्यात वडिलांनी पुन्हा हाक मारली.

"आन् सोमवारी बंद ठेव म्हणावं," ते म्हणाले. "मोटार असली तरी."